बारा महिन्यांचं पत्र आणि तेहेतीस वर्षांचं

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या तीन तारखेला आमच्याकडे स्पीड पोस्टाने एक पाकीट आलं. मुलीच्या नावाचं. आत एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून नेमणूक झाल्याचं पत्र होतं, आणि पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत हजर न झाल्यास नाव यादीतून वगळण्यात येईल, अशी शेवटी ताकीद होती. पत्र वाचून मुलगी म्हणाली, "ही कुठली परीक्षा?"

तिचा दोष नव्हता. परीक्षा तिने अडीच वर्षांपूर्वी दिली होती. मग निकाल लांबला, मग लागला, मग त्यावर कोणीतरी कोर्टात गेलं, मग सुधारित यादी आली. परीक्षा दिली तेव्हा तिला चष्मा नव्हता. मधल्या काळात चष्मा लागला आणि नोकरीही लागली. अंधेरीला एका काचेच्या इमारतीत ती सॉफ्टवेअर तपासायची. दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका शोधायच्या आणि त्या नोंदवायच्या, हे काम. चुकीला ते बग म्हणतात. काम कंपनीचं, पण ही कंपनीची नाही. एका एजन्सीमार्फत, बारा महिन्यांच्या करारावर. तो करार तीस नोव्हेंबरला संपत होता आणि "वाढवू, टेन्शन घेऊ नकोस" असं तिला तोंडी सांगण्यात आलं होतं.

म्हणजे मामला असा होता. चेंबूरला कनिष्ठ लिपिक, हातात महिना चौतीस हजार दोनशे, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत. नाहीतर अंधेरीला कंत्राटी, हातात एकसष्ट हजार, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत. मुलीचं वय पंचवीस. ठरवायला दिवस तीस.

मी साकीनाक्याला पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात चोवीस वर्षं हिशेब लिहितो. असा प्रश्न समोर आला की मला एकच गोष्ट येते. मी चौकटीची वही काढली आणि तक्ता आखला. डावीकडे सरकारी, उजवीकडे कंत्राटी, आणि खाली तेहेतीस ओळी, प्रत्येक वर्षाला एक. त्यात पगार, वाढ, महागाई भत्ता, प्रवास, डबा, औषधपाणी, सगळं आलं. पेन्शनचा रकाना तेवढा मोकळा ठेवावा लागला. माझ्या वडिलांना मिळते तशी पेन्शन नव्या लोकांना तशीच मिळत नाही, त्यात आता पर्याय आहेत. त्याचं परिपत्रक मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा वेगळं समजलं.

चार संध्याकाळी खपून तक्ता पुरा केला आणि मुलीच्या पुढे ठेवला. तिने तो वाचला नाही. तिने तो तपासला. लाल पेन घेऊन बसली.

"बग नंबर एक. तेहेतीस वर्षांत मी एकदाही आजारी पडत नाही."

"औषधपाण्याचा रकाना आहे ना."

"त्यात औषध आहे पप्पा, रजा नाही. कंत्राटी माणूस तापला की पगार कापतात. बग नंबर दोन. 'लग्न, वर्ष तिसरं.' ही रिक्वायरमेंट कोणी दिली?"

मी स्वयंपाकाच्या ओट्याकडे पाहिलं. आमचं घर घाटकोपरला टेकडीच्या उतारावर, चौथ्या मजल्यावर, तीनशे वीस चौरस फुटांचं. कुठूनही कुठेही दिसतं. बायको भाकरी थापत होती.

"मी दिली," ती पाठ न वळवता म्हणाली.

"लेखी आहे?"

"तू जन्माला आलीस ते काय लेखी विचारून आलीस?"

"मग हा ओपन ठेवते. बग नंबर तीन. कंत्राटी बाजूला वर्षाचे बारा महिने पगार धरलाय. गेल्या दोन वर्षांत मी तेवीस दिवस बिनपगारी बसलेय."

हा तिसरा खरा होता आणि तो माझ्याकडून सुटला याची मला लाज वाटली. त्याचं असं की, करार ज्या दिवशी संपतो त्याच दिवशी तिचं गळ्यातलं कार्ड बंद पडतं. करार वाढतो, पण वाढल्याचा कागद उशिरा येतो. तोवर दारातलं मशीन लाल दिवा लावून ओरडतं. एकदा ती पूर्ण सकाळ खाली लॉबीत बसून होती. शेवटी वॉचमनने पाहुण्यांच्या वहीत तिचं नाव लिहिलं, 'भेटीचं कारण' या रकान्यात 'काम' असं लिहिलं आणि छातीवर 'पाहुणा' असं स्टिकर लावून तिला वर सोडलं. वर तिचीच खुर्ची, तिचंच स्वेटर खुर्चीवर. कंपनीच्या लोकांच्या कार्डाची दोरी निळी असते, कंत्राटींची पिवळी. दिवाळीत निळ्या दोरीला सुक्या मेव्याचा डबा, पिवळ्या दोरीला ईमेलमधून पणतीचं चित्र. पणती हलते, हे मुलीने मुद्दाम सांगितलं.

मी तिसरा बग दुरुस्त करायला बसलो आणि त्यातून एक आकडा निघाला. फरक महिन्याला सव्वीस हजार आठशे, वर्षाला तीन लाख एकवीस हजार सहाशे. एकसष्टने भागलं. म्हणजे दर वर्षी सव्वापाच महिने ती बिनपगारी घरी बसली, तरच दोन्ही नोकऱ्या सारख्या पडतात. त्याहून कमी बसली तर कंत्राटी फायद्याची. हे मी जेवताना जाहीर केलं.

"सव्वापाच महिने ही घरी बसून करणार काय?" बायको म्हणाली.

"तुझ्याशी भांडणार," मुलगी म्हणाली.

"त्याचा पगार कोण देतो?"

बायकोचं मत शेवटपर्यंत नीट कळलं नाही. ती एका दातांच्या डॉक्टरकडे चौदा वर्षं समोरच्या टेबलावर बसते. पत्रांचा विषय निघाला की म्हणायची, "मला तर पत्रच नाही. ना बारा महिन्यांचं, ना तेहेतीस वर्षांचं. डॉक्टर सकाळी शटर उघडतो, मी आत जाते."

मत पक्कं होतं ते माझ्या वडिलांचं. घरात सगळेच त्यांना आबा म्हणतात. आबा सांगली जिल्ह्यातून मुंबईत आले आणि एका सरकारी वसाहतीत चावीवाला होते. चावीवाला म्हणजे कुलपांचा नव्हे. रस्त्याखालच्या पाण्याच्या पाइपांना व्हॉल्व्ह असतात. लांब लोखंडी दांड्याची चावी घालून ते फिरवायचे, म्हणजे एका बाजूच्या इमारतींचं पाणी बंद होतं आणि दुसऱ्या बाजूला जातं. पहाटे पाच दहाला एक ते आठ नंबर, सहा पंचवीसला नऊ ते सोळा. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी आबा पाचला दहा कमी असताना उठतात आणि नळाकडे बघत बसतात.

आबांना रुपयांत बोललेलं समजत नाही. म्हणजे समजतं, पण पटत नाही. ते वर्षांत बोलतात.

"किती सालाचं पत्र हाय म्हनलीस?"

"बारा महिन्यांचं, आबा."

"बारा म्हयने? पाण्याचा मीटर घेतला तर तो तरी जास्त टिकतो."

"एकसष्ट हजार देतात पण."

"रोजंदारीच की मग."

"एसीतली रोजंदारी, आबा."

"एसी पर्मनंट हाय का?"

यावर ती हसली, पण हेही खरं की तिला ते काम आवडायचं. चूक सापडली की ती खुर्चीतून उठते, असं तिची मैत्रीण सांगायची. "पप्पा, मी आवक-जावकला बसून शिक्के मारले ना, तर पाच वर्षांत माझ्या डोक्याची वाट लागेल," हे ती एकदा गच्चीवर वाळलेले कपडे काढताना म्हणाली, आणि हसत नव्हती. याला तक्त्यात कुठे घालायचं, मला कळलं नाही. मी तळटीप केली.

त्याच दिवसांत आबांच्या हयातीच्या दाखल्याची वेळ आली. पेन्शनवाल्या माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असं दाखवावं लागतं. आबा एक तारखेला इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बँकेत जातात. तिथे त्यांच्या वेळचे लोक भेटतात, जयभीम होतो, चहा होतो, कोण आलं नाही याची विचारपूस होते. पण या वेळी गुडघ्याने दगा दिला होता आणि दाखल्यासाठी नवं ॲप निघालं होतं. घरबसल्या मोबाइलसमोर चेहरा धरायचा, डोळे मिचकावायचे, झालं.

हे ॲप मुलीच्याच कंपनीने बनवलं होतं. गेले वर्षभर ती तेच तपासत होती. पेन्शनच्या सरकारी कार्यालयातून एक बाई दर पंधरा दिवसांनी काम बघायला यायच्या. कनिष्ठ लिपिकच. एकदा त्या म्हणाल्या, "अक्षरं बारीक आहेत." सहा इंजिनिअर लॅपटॉप घेऊन उभे होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या ॲपची अक्षरं मोठी झाली. मुलगी हे हसून सांगायची.

पाच तारखेला तिने आबांना खिडकीजवळ बसवलं. आबांनी सदरा मात्र इस्त्रीचाच घातला.

"आबा, आता ते डोळे मिचकवायला सांगेल. तेव्हा मिचकवायचे."

मोबाइल म्हणाला, डोळे मिचकवा. आबांनी डोळे मिटले. सावकाश, बेताने, मग तितकेच सावकाश उघडले. मोबाइल म्हणाला, चेहऱ्याची पडताळणी होऊ शकली नाही.

"आबा, पटकन!"

"पटकन कसं? चावी कधी पटकन फिरवायची न्हाय. पाइप फुटतो."

"हे पाइप नाही, डोळे आहेत."

"माझंच हायत."

तीन वेळा झालं. तीन वेळा चुकलं की ॲप चोवीस तास बंद होतं. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. सहाही वेळा आबा मोबाइलच्या मते हयात नव्हते. सहाव्या वेळी बायको ओट्याकडून म्हणाली, "आता तेराव्याचं बघायचं का?" आमच्यात तेरावं करत नाहीत, पण आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

मुलगी हसली नाही. ती मोबाइल हातात घेऊन पलंगाच्या कडेला बसली.

"हा माझा बग आहे," ती म्हणाली.

"तू केलास?"

"मी पकडला होता, पप्पा. आठ महिन्यांपूर्वी. मिचकवायला दोन सेकंद दिलेत. म्हातारी माणसं सावकाश मिचकवतात, असं लिहिलं होतं मी. आबांकडे बघूनच लिहिलं होतं. त्यांनी 'वापरणाऱ्याची चूक' म्हणून बंद केला."

"मग परत उघडायचा."

"बंद केलेला बग निळ्या दोरीवाल्यांनाच उघडता येतो."

आबा इतका वेळ डोळ्यांना पाणी लावत होते. ते म्हणाले, "तुझी तक्रार लिवून घेतली न्हाय म्हण की."

"घेतली होती. मग पुसली."

"तेच ते." आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. माझं वय एक्कावन्न आहे आणि ती मी पहिल्यांदा ऐकली. कायम होण्याआधी आबा सात वर्षं रोजंदारीवर होते. सहा नंबर इमारतीपुढचा व्हॉल्व्ह गळायचा. आबा रोज मुकादमाला सांगायचे, मुकादम रोज बरं म्हणायचा. रोजंदारीवाल्याची तक्रार रजिस्टरात घ्यायची पद्धत नव्हती. सात वर्षांतली शेवटची दीड वर्षं तो व्हॉल्व्ह गळत होता.

"पर्मनंटचं पत्र आलं, त्या दिवशी लोक म्हनले पेढे आण. मी पयलं हापिसात गेलो आन् रजिस्टर मागितलं. एकशे बारा नंबरची तक्रार. चार दिवसांत पलंबर आला."

"पेढे?" बायकोने विचारलं.

"पेढं मग आणलं. पाव किलो."

सात तारखेला आबा रिक्षाने बँकेत गेले. तिथे कागदी फॉर्म अजून घेत होते. बँकेतल्या मुलीने आबांकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं आणि शिक्का मारला. डोळे कोणी मिचकवायला सांगितले नाहीत. पण आबांना शांत वाटेना. त्यांनी मला पेन्शनच्या कार्यालयाला अर्ज लिहायला बसवलं.

मला अर्ज सविस्तर हवा होता. मुलीने आत काय पाहिलं ते मी लिहिणार नव्हतो. ते कंपनीचं होतं. पण आमच्या घरात काय झालं ते आमचं होतं. म्हणून मी आबांना खिडकीपाशी बसवून त्यांचं मिचकवणं घड्याळ लावून मोजलं. सहा वेळा. सरासरी तीन पूर्णांक चार सेकंद. सहा प्रयत्नांच्या तारखा, वेळा आणि ही मोजणी मी परिशिष्ट म्हणून जोडली. मुख्य अर्ज आबांनी सांगितला तसाच ठेवावा लागला:

"मी हयात आहे. आपले यंत्र मला तसे मानत नाही. सावकाश डोळे मिटणाऱ्या माणसांना पुरेसा वेळ द्यावा, ही विनंती."

दहा तारखेला मी अर्धी सुट्टी टाकून तो स्वतः नेऊन दिला आणि स्थळप्रतीवर आवक क्रमांक घेतला. आबांनी तो क्रमांक दोनदा वाचला आणि प्रत त्यांच्या पेन्शनच्या कागदांच्या पिशवीत ठेवली.

इकडे तीस दिवसांतले दिवस चालले होते. मी तक्ता तीनदा नव्याने केला. मुलगी रोज वेगळं बोलायची. सोमवारी सरकारी, मंगळवारी कंत्राटी, बुधवारी "मला विचारू नका." बायकोने एकदा सुचवलं, "दोन्हीकडे जा. सकाळी इकडे, दुपारी तिकडे. सरकारी हापिसात दुपारी कोणाला कळतंय?" मी तिला गंभीरपणे सांगितलं की ते नियमात बसत नाही.

बावीस तारखेला, म्हणजे पत्र येऊन एकोणीस दिवस झाल्यावर, मुलगी अंधेरीहून लवकर घरी आली. चप्पल काढतानाच म्हणाली, "करार वाढवतायत. अडुसष्ट हजार."

मी वही घेतली. फरक आता तेहेतीस हजार आठशे झाला. बारा महिन्यांचा चार लाख पाच हजार सहाशे. अडुसष्टने भागलं.

"आता जवळजवळ सहा महिने घरी बसावं लागेल," मी म्हणालो. "प्रश्नच मिटला."

"आणखी एक झालं," ती म्हणाली. "डोळ्यांचा बग उघडला."

"बघ! ऐकलं शेवटी तुझं."

"माझं नाही. क्लायंटकडून आला. त्या अक्षरं मोठी करणाऱ्या बाई आल्या होत्या. एका पेन्शनर आजोबांचा अर्ज आहे, आवक नंबर पडलाय, उत्तर द्यायला लागेल, म्हणाल्या. तीन वाक्यांचा अर्ज आणि मागे परिशिष्ट अ. मीटिंगमध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. दोनाचे सहा सेकंद करायचं ठरलं. दहा मिनिटांत. आणि टेस्ट करायला कोणाला दिला? मला."

"अर्ज कोणाचा, ते सांगितलंस?"

"लगेच. आडनाव बघून सगळे माझ्याकडेच बघत होते. मॅनेजर म्हणाला, तुझ्या आजोबांना भेटायला पाहिजे यार."

बायकोने हात पुसले. "मग तोंड पाडून का आलीस?"

मुलीने मोबाइल काढून मला एक फोटो दाखवला. त्या नव्या बगची नोंद. नोंदवणारा: ग्राहक. तारीख: बावीस नोव्हेंबर. खाली तिच्या आठ महिन्यांपूर्वीच्या बगचा नंबर होता आणि त्यापुढे शेरा: 'वरच्या नोंदीची नक्कल.'

मी चष्मा पुसून परत वाचलं.

"हे उलट झालंय," मी म्हणालो. "तुझी नोंद मार्चमधली. ही नोव्हेंबरमधली."

"हो."

"मग मार्चची नोंद नोव्हेंबरच्या नोंदीची नक्कल कशी होईल?"

"तसं करायचं ठरलं. क्लायंटचा मुख्य, बाकीचे नक्कल."

पगार कमी-जास्त असतात, ते मी समजू शकतो. दिवाळीला कोणाला मेवा आणि कोणाला पणती, तेही समजू शकतो. आमच्या कारखान्यात तर पणतीही नसते. पण चोवीस वर्षांत मी आधीच्या व्हाउचरला नंतरच्या व्हाउचरची नक्कल म्हटलेलं नाही, आणि कोणी म्हणायला सांगितलं असतं तर मी केलं नसतं. त्या संध्याकाळी मला मुलीपेक्षा जास्त राग आला होता, हे मी कबूल करतो. मी उभा राहून बोलत होतो, असं बायको सांगते.

जेवायला बसलो तेव्हा मुलगी म्हणाली, "मी चेंबूरला जाते."

पहिल्यांदा मीच बोललो, कारण वही माझ्या मांडीवर होती.

"का पण?"

"माहीत नाही. राग आलाय."

"एका संध्याकाळच्या रागावर तेहेतीस वर्षं?"

"उतरला राग तर वरची परीक्षा देईन. खात्याच्या असतात ना परीक्षा."

"आणि डोकं? शिक्के मारून वाट लागेल म्हणाली होतीस."

"लागेल कदाचित." तिने आमटी वाढून घेतली. "पण पप्पा, ती बाई फक्त 'अक्षरं बारीक आहेत' म्हणाली. मी आठ महिन्यांपूर्वी तीन पानं लिहिली होती, व्हिडिओ जोडला होता."

"सगळ्या लिपिकांचं ऐकतात असं नाही. तुला कुठल्या टेबलावर बसवतील, काय माहीत."

"ते मला पण माहीत नाही."

मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं की तक्त्याप्रमाणे ती चुकते आहे. साधारण किती लाखांनी तेही सांगितलं. ती म्हणाली, तक्ता बरोबर आहे, तिने तपासलाय. मग मी आबांकडे पाहिलं. माझी समजूत होती की ते म्हणतील, बघ, मी म्हणत होतो. ते म्हणाले, "आमटीत मीठ कमी हाय," आणि उठून हात धुवायला गेले. तिथे बराच वेळ नळ चालू होता.

एक अडचण मला रात्रभर छळत होती. नोकरी सोडायला तीस दिवसांची नोटीस, आणि हजर व्हायला उरलेले दिवस अकरा. सकाळी मी तिचा करार पहिल्या पानापासून वाचला. नोटीस करार चालू असताना सोडणाऱ्याला होती. करार तीस तारखेला आपोआप संपत होता आणि वाढीवर तिने अजून सही केली नव्हती. म्हणजे काही करायलाच नको होतं. सही करायची नाही, बस्स. दर वेळी ज्या तारखेला तिचं कार्ड बंद पडायचं, त्याच तारखेने तिला मोकळं केलं. तरी मी तिला आठ दिवस आधी लेखी कळवायला लावलं, कारण न कळवणं बरं दिसत नाही.

सहा सेकंदांचा बदल तिने स्वतः तपासला आणि पास केला. त्यासाठी आबांना तिने दोनदा खिडकीत बसवलं. शेवटच्या दिवशी मित्रमैत्रिणींनी केक कापला, फोटो काढले, त्यामुळे निघायला सव्वासहा झाले. कार्ड सहा वाजता बंद पडलं होतं. मशीनने लाल दिवा लावला. आजवर ते तिला आत सोडत नसे. या वेळी बाहेर जाऊ देईना. वॉचमनने पुन्हा पाहुण्यांची वही काढली. 'भेटीचं कारण' काय लिहू, त्याने विचारलं. तिने काय सांगितलं ते ती आम्हाला सांगत नाही.

एक डिसेंबरला ती चेंबूरला हजर झाली. आबा इस्त्रीचा सदरा घालून रिक्षाने तिच्याबरोबर गेले आणि फाटकापासून परत आले. तिथे कार्डच नाही. अर्ज केलाय, येईल म्हणतात. तीन महिने झाले. तिला कोणी अडवत मात्र नाही. शिपायाने पहिल्या दिवशी विचारलं, "नवीन काय?" ती हो म्हणाली, तेवढ्यावर चाललं आहे. तिला आवक-जावकच्याच टेबलावर बसवलं, तिला भीती होती तिथेच. खुर्चीचा एक हात नाही. कॉम्प्युटर आहे, पण तो कपाटात कुलपात, आणि चावी ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत. पहिल्या पगाराला चौतीस हजार दोनशेपेक्षा अकराशे कमी आले. मी कारण शोधलं. कपात बरोबर आहे, माझ्या तक्त्यात ती धरलेली नव्हती. हा बग तिलाही सापडला नव्हता, आणि त्यावरून आम्ही एकमेकांना बोललो.

काही संध्याकाळी जुन्या मित्रांचे फोन येतात, कोणाला पंच्याहत्तर झाले, कोणाला घरी बसवलं, तेव्हा ती बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बोलते. मी विचारत नाही. तक्ता मी जपून ठेवला आहे.

परवा ती घरी आली आणि डबा ओट्यावर ठेवता ठेवता म्हणाली, "आज एक म्हातारे आले होते. अर्ज काय लिहिलाय, कोणाला वाचता येईना. साहेब म्हणाले, परत लिहून आणायला सांग. मी म्हटलं, राहू दे. त्यांना खुर्चीत बसवलं, विचारून विचारून त्यांच्यासमोर लिहिला, त्यांची सही घेतली, शिक्का मारला. पाऊण तास गेला. मागे रांग लागली होती, लोक शिव्या देत होते."

आबा नळापाशी बसले होते. त्यांनी मान वळवली.

"नंबर किती पडला?"

"चारशे सत्तावीस."

"सांगितलास त्याला?"

"कागदावर लिहून दिला, आबा. मोठ्या अक्षरात."